एकाच खुर्चीची खोली

आमच्या मुलुंडच्या घरातली आतली खोली आठ वर्षं कुणाचीच नव्हती. तिच्यात गाद्या असत, तांदळाचा डबा असे, सासूबाईंची लोखंडी ट्रंक असे. पण ही खोली कुणाची, असं कुणी विचारलं तर घरातलं माणूस पटकन उत्तर देत नसे. सासऱ्यांनी गिरणीतून निवृत्त झाल्यावर लालबागची चाळीतली खोली विकून हे घर घेतलं, तेव्हाच आतली खोली नातवंडांची असं ठरलं होतं. ठरवणारे सासरे वर्षभरात गेले. नातवंड काही आलं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सासूबाईंचे नवस झाले. मग हळूहळू त्याबद्दल बोलणं थांबलं आणि त्या खोलीबद्दलही.

मी एकदा म्हटलं होतं, आईंना ती खोली देऊ या, बाहेरच्या खोलीत त्यांना दुपारची झोप मिळत नाही. सासूबाईंनीच उडवून लावलं. "माका कशाक गो एकटीक खोली? चाळीत दहा माणसांत निजलंय मी." त्यांनी लालबागला असताना गावाकडून आलेल्या गिरणीकामगारांची खानावळ चालवली होती. माणसांच्या आवाजाशिवाय त्यांना करमत नसे.

खोली मागितली ती माझ्या नवऱ्याने. एका गुरुवारी जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाला, "ती खोली तशी रिकामीच आहे. मी गाणी ऐकायला घेतो."

तशी रिकामीच आहे. हे तीन शब्द त्याने भात कालवता कालवता उच्चारले. मी आमटी वाढायला उठले, एवढंच मला आठवतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. भांडुपच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. गाण्याचं वेड मात्र लहानपणापासूनचं. चाळीत कुणाच्या तरी रेडिओखाली बसून ऐकलेलं गाणं आपल्याला नीट ऐकायला मिळालं नाही, ही त्याची जन्माची तक्रार. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्याने अॅम्प्लिफायर स्वतः जोडला होता. स्पीकरची खोकी स्वतः केली होती. रेकॉर्डी तो दोन्ही तळहातांत कडेने धरायचा. इतक्या हलक्या हाताने त्याला दुसरं काही धरताना मी पाहिलेलं नाही.

गाद्या बाहेर आल्या, ट्रंक पलंगाखाली गेली, आणि त्याची सगळी यंत्रं आत गेली. पहिल्या दिवशी गाणं लावलं आणि तासाभरात तो चेहरा पाडून बाहेर आला.

"काय झालं?"

"खोली बोंबलतेय."

त्याने मला आत नेलं आणि टाळी वाजवली. टाळीच्या मागून एक बारीक, पत्र्यासारखी थरथर आली. "ऐकलंस? उघड्या भिंती आहेत. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर नाचत बसतो. गाणारीचा शब्द संपायच्या आत मागचा शब्द परत येतो."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही कौतुकाने दोनतीन टाळ्या वाजवून बघितल्या. "आरती चल्ली हा काय?" म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यावरचा उपाय त्याला रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकात सापडला. लाकडी चौकटी करायच्या, त्यात आवाज पिऊन टाकणारं काहीतरी भरायचं, वर कापड ताणायचं आणि त्या चौकटी भिंतींवर टांगायच्या. तो त्यांना पॅनल म्हणायचा. आठ लागणार होती. मी शाळेत शिकवायचे, दिवाळीच्या सुट्टीत मोकळी होते, त्यामुळे कामाला आम्ही दोघं.

ते तीन आठवडे आमच्या संसारातले चांगले आठवडे होते. हे कबूल करायला मला अजून जड जातं. कारखान्यातल्या मशीनच्या खोक्यांच्या फळ्या त्याने आणल्या. गॅलरीत बसून तो त्या कापायचा, मी दुसरं टोक धरायचे. आत भरायला ग्लासवूल आणलं होतं, बॉयलरच्या पाइपांना गुंडाळतात ते पिवळं, कापसासारखं दिसणारं. पण आहे ती काच. तासाभरात दोघांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. सासूबाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून खोबरेल चोळलं आणि दोघांना मिळून शिव्या घातल्या. खाजेने जीव जात होता आणि मला मजा वाटत होती.

कापड आणायला आम्ही घाटकोपरला गेलो. कापडाला भोकं हवीत, म्हणजे आवाज आत शिरेल, असं त्याने समजावलं होतं. पारख सोपी होती. कापड तोंडाशी धरायचं, फुंकर मारायची, पलीकडे ठेवलेल्या हाताला हवा लागली तर कापड चांगलं. दुकानातल्या गादीवर बसून मी फुंकर मारत होते आणि पलीकडे हात त्याचा होता. "हं. हे नाही. हे बघ. हां, लागली." दुकानदाराला वाटलं असेल, यांना वेड लागलंय. मी मोहरीच्या रंगाचं जाडसर सुती कापड निवडलं. तो म्हणाला, रंगाचं तू बघ.

शिवण माझी. आठ खोळी मी पायमशीनवर शिवल्या, कोपरे हाताने घातले.

मग जागा ठरवायच्या होत्या. त्यासाठी त्याने माझा आरसा मागितला. खोलीच्या मध्ये जिथे बसून ऐकायचं तिथे त्याने खुर्ची ठेवली आणि स्वतः बसला. मी आरसा छातीशी धरून भिंतीला पाठ घासत सरकायचं. त्याला आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे आवाज भिंतीवर आपटतो, तिथे पॅनल टांगायचं.

"डावीकडे. अजून. जरा वर. थांब! दिसला."

मी पेन्सिलने खूण करायचे. अख्खी दुपार तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. आरसा खाली ठेवला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याला स्पीकर दिसत होता.

पॅनल लागली त्या दिवशी त्याने टाळी वाजवली. टाळी नुसती टाळी होती, मागे काही नाही. खोलीत गेलं की कानांवर कुणीतरी मऊ हात ठेवल्यासारखं वाटायचं. त्याने गाणं लावलं, संपूर्ण ऐकलं, आणि डोळे पुसत उठला. "बस," मला म्हणाला.

मी बसले. खोटं बोलणार नाही, तसं गाणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गाणारी बाई समोर उभी होती. ओळीच्या आधी ती श्वास घ्यायची तो ऐकू येत होता. तबलजीचं बोट चामड्यावरून सरकलेलं कळत होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि खांद्यावर त्याचा हात पडला.

"झालं? ऊठ, मला पुन्हा बघायचंय."

मी म्हटलं, "मी बाजूला खुर्ची आणून बसते की."

"नाही गं. खुर्ची वाढली की फरक पडतो. आणि बाजूला बसून काही कळत नाही. बरोबर जागा एकच असते."

ते खरंही असेल. मासिकात तसंच लिहिलं होतं म्हणे. पण त्या खोलीत पुढे एकच खुर्ची राहिली आणि तिच्यावर बसायला मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. कारखान्यातले मित्र आले की ते पाळीपाळीने बसायचे. "झकास रे! कुठल्या स्टुडिओत आल्यासारखं वाटतं," म्हणायचे. मी चहा दारातून द्यायचे. पॅनलचं कापड कुणी निवडलं, असं एकाने विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "फुंकर मारून घेतलं." कुणी मारली ते नाही म्हणाला.

यानंतर दाराची पाळी आली. बाहेरचा आवाज नको म्हणून दाराच्या कडांना रबराची पट्टी लागली, आतून लोकरीचा जाड नमदा ठोकला. तरी कुकरची शिट्टी आत जायची. मग गुरुवारी त्याचं ऐकणं चालू असताना कुकर लावायचा नाही, असं ठरलं. त्याच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची. मी सकाळच्या शाळेत, तो घरी. पाटावरवंटा नाही, भांडी नाहीत. सासूबाई बिचाऱ्या निमूट असायच्या. एकदा त्या चहा घेऊन गेल्या आणि दार ठोकलं. "च्याय निवली रे झिला."

दार उघडून तो म्हणाला, "आये, मदीच ठोकू नको गो. सगळा बिघडता." ओरडला नाही. नेहमीच्या समजूतदार आवाजात म्हणाला. त्या दिवसापासून त्यांनी दार ठोकलं नाही. चहावर बशी झाकून बाहेर बसून राहायच्या, आणि शेजारणीला अभिमानाने सांगायच्या, झिलाने आत काय काय केलंय.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. मी साडेबाराला शाळेतून आले, तर आमच्या दारात खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन उभ्या, बोट बेलवर.

"तुमची बा केव्हाची ओरडते! बाथरूमच्या खिडकीतून ऐकायला येते. मी बेल मारते, मारते, कोणी उघडत नाय. घरात कोण नाय काय?"

माझ्याकडे किल्ली होती. आत शिरले तर घर शांत. नळाचं पाणी वाहत असल्याचा तेवढा आवाज. सासूबाई मोरीत पडल्या होत्या, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं. शुद्धीवर होत्या. ओठ पांढरे पडले होते. मला बघून म्हणाल्या, "इलंस?"

बेनने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी जाऊन आतल्या खोलीचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. दार उघडलं. त्याच्या मागून तंबोऱ्याचा आवाज बाहेर आला. त्याच्या कपाळावर आठी होती, ती मी पाहिली. माझा चेहरा बघून ती गेली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात त्यांना खाटेवर घेतल्यावर तो त्यांच्या उशाशी बसला. हात हातात घेतला. 

"आये, हाक कित्याक मारूक नाय गो?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कसली हाक मारतंय? पडलंय आणि शुद्धच गेली. माका काय कळाकच नाय."

तो रडला. मी खाटेच्या पायाशी उभी होते आणि माझ्या कानात बेनचं वाक्य होतं, केव्हाची ओरडते. तो औषधं आणायला खाली गेल्यावर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. खानावळीत वर्षानुवर्षं पीठ मळलेला हात, पकड अजून होती.

"तेका सांगू नको हां. बेनाकय गप रवाक सांग. तो जीवाक लावून घेयत."

"किती वेळ पडला होतात, आई?"

"नळाक पाणी इल्लां तेव्हा गेलंय," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे नळाला पाणी साडेअकराला यायचं.

मी शब्द पाळला. बेनलाही गप्प केलं. तासभर हाका मारणारी आई आणि चार पावलांवर गाणं ऐकणारा मुलगा, हे मी पोटात ठेवलं. मनात म्हणायचे, त्याला माहीत नाही, माहीत झालं तर तो कोसळेल. हे ओझं उचलून आपण त्याच्यासाठी काहीतरी मोठं करतोय, असंही मला वाटायचं. त्या वाटण्याची आता शरम वाटते.

त्या पुन्हा चालल्या नाहीत. घरी आणल्यावर मी म्हटलं, खाट आतल्या खोलीत टाकू. तिथे शांत आहे, दार लोटून घेऊन अंग पुसता येईल, भांडं देता येईल. बाहेरच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत बाईमाणसाचं सगळं कसं करायचं?

त्याने बाहेरच्या खोलीचा कोपरा पावलांनी मोजला. मग म्हणाला, "पडदा लावू आपण."

सासूबाईंनी लगेच दुजोरा दिला. "हयच बरां. तेची खोली मोडू नका."

पडदा लागला. पॅनलच्या कापडातलं उरलेलं कापड होतं, तेच मी शिवलं, दुसरं घरात नव्हतं. पहिले काही दिवस तो खोलीचं दार उघडं ठेवून गाणं ऐकायचा. आयेने हाक मारली तर कळायला हवी म्हणून. पण उघड्या दाराने सगळा आवाज बिघडायचा. उठून यायचा, जायचा, चुळबुळायचा. दोन आठवड्यांनी दार अर्धं लोटलेलं दिसलं. महिन्याभरात ते पूर्वीसारखं बंद व्हायला लागलं. मी सासूबाईंच्या उशाशी देवघरातली घंटा ठेवली होती. त्या अकरा महिने खाटेवर होत्या. त्यांनी ती एकदाही वाजवली नाही. मी घरी नसताना भांडं हवं असलं तर मी येईपर्यंत थांबायच्या, कधी थांबवायचं नाही, आणि मग मी चादर बदलताना भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

जानेवारीत त्या गेल्या. दिवसकार्य झालं, नातेवाईक पांगले. त्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. खाट काढलेली होती, पडदा अजून होता. तो म्हणाला, "एक बरं झालं. आयेला पडली तेव्हा काही कळलं नाही. तसा त्रास झाला नाही तिला."

का कोण जाणे, माझ्याने राहवलं नाही. वर्षभराचा शीण असेल. त्या 'एक बरं झालं'ने माझं डोकं फिरलं असेल.

"त्या शुद्धीवर होत्या," मी म्हटलं. "तासभर हाका मारत होत्या तुम्हाला. खालच्या बेनना ऐकू येत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या खोटं बोलल्या, आणि मला शपथ घातल्यासारखं गप्प केलं."

मला वाटलं होतं, तो माझ्यावर ओरडेल, किंवा रडेल. त्याने कप बशीत ठेवला.

"एकदा ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"हाक. वाटलं, चहाला बोलावतेय. म्हटलं, ही बाजू संपली की उठतो."

"मग?"

"मग आवाज थांबला. वाटलं, कंटाळली. मी रेकॉर्ड पलटली."

"आणि बेल?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "वाटलं, कुणी काहीतरी विकायला आलं असेल."

म्हणजे इस्पितळात, आईचा हात हातात घेऊन, हाक का मारली नाहीस, असं त्याने विचारलं तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. तो माहिती विचारत नव्हता, खोटं मागत होता. आणि तिने त्याला दिलं, न चुकता, जसं तिने त्याला आयुष्यभर सगळं दिलं होतं. तिला माहीत होतं का, की त्याला माहीत आहे? मी खूप विचार केला त्यावर. मला वाटतं, होतं. त्या दोघांचं आपसात ठरलेलं होतं सगळं, शब्दाशिवाय. माझ्या मौनाची त्यात कुणालाच गरज नव्हती. मी उगाच वर्षभर ते सांभाळत बसले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? पाय जुळला असता?"

 मी कप उचलले आणि विसळले.

त्यानंतर तो त्या खोलीत फारसा गेला नाही. पश्चात्ताप म्हणून की दार बंद करताना माझी नजर असायची म्हणून, ते मला माहीत नाही, आणि त्याने कधी सांगितलं नाही. दोनएक वर्षांत पॅनलचं कापड खालच्या कडेला काळं पडलं. ओल चढली, वास यायला लागला. एका मे महिन्यात मी स्वतःच ती उतरवायला घेतली. तो बाहेर पेपर वाचत होता. त्याने एकदा आत डोकावून बघितलं आणि परत जाऊन बसला. मी घातलेले टाके मीच उसवले. फळ्या भंगारवाल्याने नेल्या, कापडाची पोतेरी झाली. ग्लासवूल मात्र कुणी घेईना. भंगारवाला म्हणाला, ये नहीं चलेगा बाई, हाथ काटता है. झाडूवाल्याने हातच लावला नाही.

मी ते चार गोणींत भरून जिन्यात ठेवलं. महिनाभर गोण्या तिथेच होत्या. सोसायटीची चिठ्ठी आली, जिन्यातला कचरा हलवा. मी ती चिठ्ठी त्याच्या पेपरवर ठेवली. पुढच्या गुरुवारी मी शाळेतून आले तर जिना मोकळा होता आणि तो मोरीत कोपरापर्यंत हात धूत उभा होता. कातडी लाल झाली होती.

खोबरेलाची बाटली फळीवर होती. मी ती काढून दिली नाही. त्याने मागितली नाही.